शिल्पकाराची पोर

आमच्या जावयांना एका माणसाशी बोलता येत नाही. समोर मी एकटी असले तरी ते घोळक्याशी बोलतात. नजर माझ्या डोक्यावरून पार मागे, उजवा हात वर, आणि आवाज असा की गल्लीतल्या जाणाऱ्यानं पाय थांबवावा. परवा बसमधून उतरून त्यांच्या दारात पिशवी ठेवली, तर म्हणाले, "या, सावकाश या, डोकं सांभाळा, चौकट ठेंगणी आहे." अहो, खोली भाड्याची, चौकट सिमेंटची, आणि मी तुमच्या खांद्याला पुरत नाही. कोणाचं डोकं सांभाळू?

ते देवळात गाईड आहेत. देऊळ फार जुनं, काळ्या दगडाचं, आणि त्याच्या भोवती पडका मठ, पाण्याचं कुंड, लढाईत मेलेल्यांचे दगड, असा सगळा पसारा. गाड्या भरभरून माणसं येतात. देवापुढे हात जोडणारी थोडी, दगडापुढे फोटो काढणारी जास्त. बाजारात जावयांना सगळे भोंगा म्हणतात. त्यांना राग येत नाही, उलट मान ताठ होते. नकलाही फार हुबेहूब करतात. लग्नात माझ्या दिरांची नक्कल केली तर दीरच पोट धरून हसले. माझी केली असती तर लग्न तिथंच मोडलं असतं.

पण या वेळी मी हसायला आले नव्हते. लेकीला घेऊन जायला आले होते.

माझी नात या थंडीत कुंडात बुडून गेली. आम्ही तिला भिंगरी म्हणायचो, कारण ती चालताना कोणी पाहिली नाही, पळतानाच पाहिली. त्या दिवशी लेक तापानं फणफणली होती, म्हणून जावई पोरीला कामावर घेऊन गेले. पायरीवर शेवाळ होतं, पाय घसरला. मला एवढंच सांगितलं गेलं. मी आले, राहिले, रडले, आणि घरी माझ्या माणसाचं औषधपाणी कोण बघणार म्हणून परत गेले. नंतर फोन केला की लेक एवढंच बोलायची, "बरी आहे." आईला असल्या 'बरी'चा अर्थ कळतो. आणि मग कुंडाजवळच्या चहावालीचा फोन आला. तिला मीच नंबर देऊन ठेवला होता.

"मावशी, तुमची लेक रोज कुंडाच्या पायरीवर येऊन बसते. देऊळ उघडल्यापासून बंद होईपर्यंत. चहा दिला तर घेत नाही. कालपासून एक पायरी खाली बसायला लागलीय. तुम्ही या बघू."

मी आले.

खोलीत शिलाईच्या मशीनवर चादर टाकलेली. लेकीच्या हाताची शिलाई अशी की बायका वाट बघत थांबायच्या, आता कापडं तशीच गठ्ठ्यात पडलेली. काही गिऱ्हाइकं न शिवलेलं परत घेऊन गेली म्हणे. लेकीचे दंड असे झालेले की तिनंच शिवलेल्या ब्लाऊजच्या बाह्या तिला ढगळ होत होत्या. मी जेवायला वाढलं. तिनं घास केला आणि ताटाच्या कडेला ठेवला, पुन्हा घास केला आणि त्याच्या शेजारी ठेवला.

"हे काय रांगोळी घालतेयस?" मी म्हटलं. "गीळ तो."

"भूक नाही गं."

"उद्या सकाळच्या बसनं आपण निघतोय."

"मी नाही येत, आई."

"इथं काय ठेवलंय तुझं?"

जावई हात धुऊन आले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "त्यांचं मन तिथं रमतं. ते वातावरणच तसं आहे. शांत, पवित्र."

"जावईबापू," मी म्हटलं, "मी तिकीट काढलेलं नाही. माझ्याशी साधं बोला."

ते हसले, पण फक्त ओठांनी. रात्रभर त्यांच्या कुशी बदलण्यानं पलंग वाजत होता. लेकीचा मात्र आवाज नाही, उसासाही नाही.

सकाळी ती चप्पल घालून निघाली, तशी मीही निघाले. ती पुढे, मी मागे. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. दारावरच्या माणसानं तिला तसंच आत सोडलं आणि मला अडवलं.

"आजी, गाईड हवा का?"

"घरचाच आहे," मी म्हटलं. "नकोसा झालाय, पण आहे."

लेक थेट कुंडाकडे गेली. माझ्या मनात आलं, ती तिथं कशासाठी बसते ते तिला विचारून कळणार नाही. जावई तिथं काय करतात ते एकदा डोळ्यांनी बघावं. देवळाच्या जोत्यापाशी त्यांची पहिली तुकडी जमली होती. मी डोक्यावर पदर घेतला आणि एका गॉगलवाल्या बाईच्या मागे उभी राहिले. जावयांनी मला पाहिलं. नक्की पाहिलं, कारण त्यांचा वर केलेला हात क्षणभर तसाच राहिला. मग म्हणाले, "या आजी, तुम्हीही या. पुढे या, नीट दिसेल." आजी! सासूला आजी करून टाकलं.

खोटं कशाला बोलू, माणूस आपलं काम जाणतो. जोत्याच्या भोवती दगडी हत्तींची रांग आहे. मी इतक्या वर्षांत दोनदा-तीनदा पाहिली होती, मला सगळे हत्ती सारखेच दिसले होते. जावयांनी दाखवलं की एकाची सोंड दुसऱ्याच्या शेपटीत अडकलीय, एक पिल्लू आईच्या पोटाखाली घुसून पितंय, आणि एक हत्ती वळून मागच्यावर डाफरतोय. माणसं हसली. मंडपात खांबांवर टॉर्च मारून त्यांनी नाचणाऱ्या बायका दाखवल्या. एकीच्या पायात काटा रुतलाय आणि ती पाय वर घेऊन बघतेय. आत गारवा, वटवाघळांचा वास, बोललेलं वर छतापर्यंत जाऊन परत येतं. अशा जागी त्यांचा आवाज खरोखरच शोभतो.

पण एक माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या सगळ्या गोष्टींत कोणी ना कोणी मरतं. कळस बसवणारा कळसावरून पडला. राणीनं मठाच्या विहिरीत उडी घेतली. लढाईतल्या दगडापाशी नवरा मेला, त्याच्या शेजारच्या दगडावर बायको. मोडक्या मूर्ती एका पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या होत्या, प्रत्येकीच्या पायावर लाल रंगानं नंबर घातलेला, आणि जावई एकेका नंबराचं मरण सांगत होते. माणसं च् च् करत होती आणि पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावत होती.

शेवटी कुंडावर आलो.

कुंड चौकोनी आहे, चारी बाजूंनी पायऱ्या खाली उतरत जातात, आणि पायऱ्यांच्या मध्ये मध्ये छोट्या छोट्या देवळ्या. पाणी हिरवं. वरून बघितलं की थांग लागत नाही. समोरच्या बाजूला, पाण्यापासून जरा वर, माझी लेक बसली होती. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यांवर. आम्ही आल्यावर तिनं मान वर केली. आल्यापासून तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही हललेलं मी तिथं पाहिलं.

जावई पाण्याकडे पाठ करून उभे राहिले आणि सांगू लागले.

"हे देऊळ ज्यानं घडवलं त्या शिल्पकाराला एक मुलगी होती. लहान. बायको आजारी, म्हणून तो मुलीला घेऊन कामावर यायचा. त्या दिवशी तो देवीच्या मूर्तीचे डोळे कोरत होता. डोळे कोरताना शिल्पकाराला हात थांबवता येत नाही, थांबला तर मूर्ती आंधळी होते. मुलगी इथं पायरीवर खेळत होती. पाण्यातून देवीनं तिला हाक मारली. आणि शिल्पकाराला मागून मुलीचा आवाज आला…"

ते थांबले. त्यांनी तोंड जरा वर केलं आणि गळ्यातून, कुठून काढला देव जाणे, तो आवाज काढला.

"येतेऽऽ!"

मी पुढच्या गॉगलवालीचा दंड धरला. ती नक्कल नव्हती. ती भिंगरी होती. ते शेवटी जरा फाटणारं, नाकातून येणारं, धाप लागलेलं. माझी नात त्या हिरव्या पाण्यावरून बोलली आणि पायऱ्यांवर आपटून परत आली.

"शिल्पकारानं डोळे पुरे केले," जावई सांगत होते. "वळून पाहिलं तर पाणी शांत होतं. म्हणतात, देवीच्या डोळ्यांत आजही त्या मुलीची बाहुली दिसते."

"किती सुंदर!" गॉगलवाली म्हणाली आणि गॉगल काढून डोळे पुसले. "किती जुनी गोष्ट आहे ही?"

"सातशे वर्षं," जावई म्हणाले.

माझ्या नातीला त्यांनी सातशे वर्षांमागं नेऊन ठेवली होती.

माणसं पांगली. मी चढउतार करत, कठडा धरत लेकीपर्यंत पोचले. तिच्या शेजारी बसले. "हे… हे तू रोज ऐकतेस?"

"हो."

"आणि गप्प बसतेस? तो मेला आपल्या पोरीचा तमाशा…"

"आई, ओरडू नको." तिनं माझा हात धरला. आल्यापासून पहिल्यांदा धरला. "फोनमध्ये तिचे व्हिडिओ होते ना, तो फोन ह्यांच्या खिशात होता. हे मागून उडी मारून पाण्यात शिरले, तेव्हा तोही गेला. माझ्याकडे फोटो आहेत. आवाज नाही कुठंच. मी विसरायला लागले होते गं. रात्री आठवायला जायची तर दुसऱ्याच कुठल्या पोरीचा यायचा. आणि मग एकदा ह्यांना जेवणाचा डबा द्यायला आले तर इथं तिचा आवाज आला."

"घरी काढायला सांगायचा."

"घरी नाही काढत. पाया पडले तरी नाही काढत. इथंच येतो त्यांना, गोष्टीत." तिनं पाण्याकडे पाहिलं. "आणि बघ ना, येते म्हणाली. जाते नाही म्हणाली."

आपल्यात घरातून निघताना कोणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात. भिंगरीला ते मीच शिकवलं होतं. दारातून नुसतं "जाते" म्हणाली की मी तिला परत आत बोलवायची आणि पुन्हा निघायला लावायची.

आणि एक लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मलाही तो आवाज पुन्हा ऐकायचा होता. मी लेकीला न्यायला आले होते, आणि तिथून उठायला माझंच मन होईना. मला तेव्हा कळलं की ही पोर इथं अशीच वाळून जाणार. रोज एक पायरी खाली. आणि मी शेजारी बसले तर मीही.

जावई दुसरी तुकडी घेऊन आले, पलीकडे ऊन चढलं होतं म्हणून आमच्याच बाजूच्या पायऱ्यांवर. या वेळी मी लेकीजवळच बसून राहिले. चहावाली लांबून माझ्याकडे बघत होती. जावयांनी तीच गोष्ट सुरू केली, त्याच जागी हात, त्याच जागी थांबणं. त्यांच्या मागे पाणी, पाण्याच्या अलीकडे आम्ही दोघी.

"येतेऽऽ!"

पहिल्या खेपेला मला फक्त नात ऐकू आली होती. या खेपेला ती काय म्हणतेय ते ऐकू आलं.

मी तो आवाज ओळखत होते. आम्ही बाजाराला निघायचो, मी पुढे, आणि ही मागे चपलेचा पट्टा लावत राहायची. पट्टा लागायचा नाही, मी चालत राहायची, की मागून हे असंच यायचं. धाप लागलेलं, शेवटी फाटलेलं. दारातून निरोप घेताना पोर असं ओरडत नाही. देवीला हो म्हणताना तर नाहीच. मागे राहिलेलं पोर पुढे चाललेल्या माणसाला असं ओरडतं. थांबा, येतेय मी.

मी उभी राहिले.

"अहो गाईड," मी मोठ्यानं म्हटलं. "एक विचारू?"

जावई वळले नाहीत. माणसं माझ्याकडे बघायला लागली, म्हणून मग त्यांना वळावं लागलं. "विचारा आजी."

"देवीनं हाक मारली ती कोणी ऐकली?"

"कोणी नाही. ती दैवी हाक होती."

"मग मारली हे कशावरून?"

कॅमेरावाला एक तरुण हसला. म्हणाला, "आजी, दंतकथा आहे ती. असं विचारायचं नसतं."

"तू फोटो काढ बाळा," मी म्हटलं. "गाईड, पोर इथं खेळत होती की तिला इथं बसवून शिल्पकार पुढं निघाला होता?"

जावयांनी रुमाल काढला, पण पुसलं काहीच नाही. "तो… काम करत होता."

"उभा होता की चालत होता?"

"आई," ते हळू म्हणाले. तुकडीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. आजीची आई कधी झाली ते त्यांना कळेना.

"पोरीनं हाक मारली ती त्याला ऐकू आली. तुम्हीच सांगता, मागून आवाज आला. इतका नीट ऐकू आला की सातशे वर्षांनी तुम्हाला जसाच्या तसा काढता येतो. मग तो वळला का नाही?"

भोंगा गप्प.

आणि माझ्या मागून लेक बोलली. बसल्या जागेवरून, हनुवटी गुडघ्यांवरच ठेवून. "सांगा की. ऐकू आलं तर वळला का नाही?"

जावयांनी तिच्याकडे पाहिलं. एका माणसाकडे, सरळ, डोक्यावरून नाही. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की पुढच्या माणसांनाही ऐकायला वाकावं लागलं.

"वाक्य अर्ध्यावर होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी रुमालाची घडी घातली.

"हत्तींची रांग दाखवायला निघालो होतो. चाळीसेक माणसं होती त्या दिवशी, शाळेची. तिला म्हटलं, इथं बस, मी आलोच. तिला बसवत नाही एका जागी. मागून ओरडली. मला वाटलं, येतेय, येऊ दे. वाक्य अर्ध्यावर होतं. पुरं केलं. एवढंच. फार मोठं नव्हतं ते वाक्य."

तुकडीतली एक बाई रडायला लागली. बहुतेक तिला वाटलं असावं, गोष्टीचाच भाग आहे. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. त्याला कळलं असावं. मग सगळी माणसं हळूहळू मागे सरली आणि चपलांचा आवाज न करता वर निघून गेली.

लेक उठली. मला वाटलं, आता ती खाली जाते की काय. मी तिचा पदर घट्ट धरला. पण ती वर चढायला लागली, एकेक पायरी, म्हातारीसारखी. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी तिला पाण्यापासून उठवलं होतं हे खरं, पण तिच्याजवळ "येते" हा एवढा एक शब्द उरला होता, आणि तोही मी उलगडून दाखवला होता. ती येणार म्हणून नव्हती म्हणाली. थांबा म्हणाली होती. हे ऐकून कुठली आई माझ्या गळ्यात पडेल?

वरती जावई कठड्याला टेकून उभे होते. लेक त्यांच्यासमोर जाऊन थांबली. मला वाटलं, मारेल. मारावं असंही वाटलं. तिनं त्यांच्या शर्टाची बाही चिमटीत धरली, कापड तपासावं तशी.

"मी आईबरोबर जातेय," ती म्हणाली. जाते म्हणाली. मी टोकलं नाही. "एकदाच काढा. शेवटचा. मग कधी मागणार नाही."

"नको," जावई म्हणाले.

"इथं कोणी नाही आता. फक्त मला. हळू काढला तरी चालेल."

जावयांनी तोंड जरा वर केलं, तसं ते करतात. आणि मग माझ्याकडे बघितलं. परवानगी मागावी तसं. लेकीनंही पाहिलं. उठल्यापासून पहिल्यांदा पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत अशी विनवणी होती की कोणा दुसरीनं हो म्हटलं असतं. मलाही ऐकायचा होता. देवाशप्पथ ऐकायचा होता.

मी लेकीचा हात त्यांच्या बाहीवरून सोडवला आणि माझ्या हातात घेतला. मग जावयांना म्हटलं, "जावईबापू, पोर हातची निसटते. कोणाच्याही हातची निसटते, त्याचा मी तुमच्यावर ठपका ठेवत नाही. पण तिनं तुम्हाला हाक मारली, आणि तुम्ही ती देवीच्या नावावर घातली आणि रोज लोकांना ऐकवली, ते मी माफ करणार नाही, मरेपर्यंत नाही. हिला मी घेऊन चालले, मागे यायचं नाही. आणि तो आवाज आजपासून बंद. लोकांसमोर नाही, हिच्यासमोर नाही, एकटे असलात तरी नाही. भिंगरी मेली आहे. तिला आता गप्प राहू द्या."